निळ्या फुल्या

हा माणूस तपासणीत खोटं बोलतोय, हे डॉक्टरबाईंना सांगून तिला मिळालं असतं काय? एक ‘बरं’. तेही फाइलमधून मान वर न करता. आणि न सांगून? न सांगून पुढचा गुरुवार मिळणार होता. तिने दोन्ही पारडी तोलली, तोलायला तीनेक सेकंद लागले, आणि कागदाच्या तळाशी लिहिलं : ‘उत्तरांत विसंगती. पुन्हा तपासणी.’ खाली सही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण कान तपासणाऱ्या बाईची सही ही काही गमतीची गोष्ट नसते. डॉक्टरबाईंचं एक वाक्य होतं, कामाला येणाऱ्या नव्या माणसाला त्या ते पहिल्याच दिवशी ऐकवत. ‘कान मला दिसतो. ऐकणं फक्त तुझ्या कागदावर दिसतं. कागद खोटा निघाला की मी आंधळी.’ नऊ वर्षांत तिने डॉक्टरबाईंना एकदाही आंधळं केलं नव्हतं. त्या गुरुवारी केलं, आणि शिवाय घरी जाताना गुणगुणली.

झालं होतं असं. पाच वाजायला आले होते. काउंटरवरच्या मावशी पर्समध्ये डबा कोंबत होत्या. तेवढ्यात एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. हनुवटीवर तीन ठिकाणी कापसाचे बोळे चिकटवलेले.

“तुमच्याकडे एक खोली आहे म्हणे,” तो म्हणाला, “जिथे बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. ती बघायची होती.”

“हे कानाचं क्लिनिक आहे, प्रदर्शन नाही,” मावशी म्हणाल्या. “केसपेपर काढा, तक्रार सांगा, मग खोली.”

“तक्रारी कोणकोणत्या आहेत?”

“ऐकू येत नाही, कमी येतं, नाहीतर कानात आवाज येतो.”

त्याने जरा विचार केला. “तिसरी द्या.”

ती आतल्या दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. हसू आवरत तिने त्याला बोलावलं. तपासणीची खोली म्हणजे एका मोठ्या खोलीतली लहान पेटी. जाड भिंती, जाड दार, एक खुर्ची आणि मध्ये काच. काचेच्या अलीकडे मशीन आणि ती. तो पेटीच्या दारातच थबकला.

“हे दार आतून उघडतं ना?”

“उघडतं.”

“बाहेरून?”

“बाहेरूनही.”

“आणि... मधूनच कुणी उघडत नाही ना?”

“मधून म्हणजे कुठून?”

“तेच तर,” तो म्हणाला, आणि समाधानाने आत जाऊन बसला.

तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. लाल बाजू उजवीकडे, निळी डावीकडे. हातात बटण दिलं. अगदी बारीकसा आवाज आला तरी दाबायचं, शंका आली तरी दाबायचं. मग काचेअलीकडे येऊन तिने नेहमीसारखे आवाज सोडायला सुरुवात केली. आधी ठसठशीत, मग हलके, मग आणखी हलके. माणसाला जिथवर ऐकू येतं तिथे कागदावर खूण; ऐकणं जितकं कमी, तितकी खूण खाली. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या.

मध्येच तिच्या समोरचा दिवा लागला. तिने आवाज सोडलाच नव्हता.

“का दाबलंत?” तिने माइकमधून विचारलं.

“आला की आवाज.”

“मी नाही पाठवला.”

काचेपलीकडे त्याचे डोळे मोठे झाले. “मग कुणी पाठवला?”

आणि हे त्याने इतक्या आशेने विचारलं की तिच्या हातावर काटा आला, आणि काट्यापाठोपाठ हसू. त्या खोलीत ती मोठ्याने हसल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. मशीनही दचकलं असेल.

आता, खोटी उत्तरं देणारे तिने पुष्कळ पाहिले होते. नोकरी लागावी म्हणून बहिरे असून ऐकू येतंय म्हणणारे. भरपाई मिळावी म्हणून धडधाकट असून बहिरे होणारे. त्यांना काय हवं ते चटकन कळे. हा मात्र कुठल्याच खणात बसेना. एका फेरीत त्याचा कान सशाचा, दुसऱ्या फेरीत दगडाचा. याला काहीच नको होतं, फक्त काम पूर्ण व्हायला नको होतं. तिला वाटलं, खोली आवडली असेल.

असेलही. पण उठताना त्याने खोलीकडे नाही, तिच्याकडे बघून विचारलं, “मग... पुन्हा यावं लागेल?”

ती कागदाकडे बघत म्हणाली, “लागेल असं दिसतंय.”

*

दुसऱ्या गुरुवारी मावशींनी बातमी आणली होती. “अगं, तो लेखक आहे! माझी भाची वाचते त्याची पुस्तकं, आणि मग आठ दिवस एकटी न्हाणीघरात जात नाही. भुताखेतांचं लिहितो. भुतोबा मेला!”

“भूत एकही नाही माझ्या पुस्तकांत,” मागून आवाज आला. तो वेळेआधी पंधरा मिनिटं आला होता. “भुतांना काय भ्यायचं? ती निदान आपली माणसं असतात.”

“मग काय असतं हो?” मावशी काही शरमल्या नाहीत.

“जिना उतरताना एक पायरी जास्त लागते. एवढंच.”

मावशींनी त्या दिवसापासून जिन्याचा कठडा धरायला सुरुवात केली.

तपासणी झाली, खोटी झाली, कागदावर ‘पुन्हा’ लिहून झालं. क्लिनिक बंद करून ती निघाली, तर तो पायऱ्यांवर. बस पुलापलीकडे मिळते, त्यालाही पलीकडेच जायचं होतं. खरं तर त्याचं घर अलीकडे होतं, हे तिला पुढे महिनाभराने कळलं.

“हनुवटीला काय झालं?” तिने विचारलं.

“आरसा नाही घरात.”

“का?”

“आरशावर एक कथा लिहिली होती. तेव्हापासून चाचपडत दाढी करतो.”

ती थांबली. “स्वतःच्याच कथेला घाबरून?”

“दुसऱ्यांच्या कथांना कोण घाबरतं? त्या खोट्या असतात.” तो अगदी सहज बोलत होता. “चमच्यांवर लिहिली, चमचे गेले. सूप वाटीला तोंड लावून पितो. कपाटावर लिहिली, तर आता कपडे खुर्चीवर. दाराच्या घंटीवर लिहिली, घंटीची वायर काढून टाकली.”

“मग कुणी आलं तर?”

“येत नाही ना कुणी. घंटी नाहीय.”

हे त्याने विनोद म्हणून सांगितलं. तिने विनोद म्हणून ऐकलं. पण बसमध्ये बसल्यावर तिने उगाच मोजलं. एकेका कथेपायी हा माणूस घरातली एकेक वस्तू बाहेर काढतोय. सात पुस्तकं झालीत. म्हणजे घरात उरलं काय?

तिच्या घरात सगळं होतं. आरसा, चमचे, कपाट, घंटी. कपडे धुण्याच्या दुकानावरची एक खोली होती, खालून दिवसभर गरम इस्त्रीचा वास येई. कुणी यायचं तेवढं राहिलं होतं. दिवसभर ती काचेआड बसून माणसांकडे बारीक बारीक आवाज पाठवी आणि माणसं अंगठ्याने उत्तर देत : आलं, आलं, आलं. सहा वाजल्यानंतर तिने पाठवलेलं कुठेच पोचत नसे. रविवारी तिची ताई फोन करी आणि दोनच प्रश्न विचारी. जेवलीस का, आणि काही ठरलं का. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. फोन बंद.

तर एवढं होतं तिच्या शिलकीत. एका खोट्या सहीच्या बदल्यात आठवड्यातला एक दिवस मिळत असेल, तर तुम्ही तरी काय केलं असतं?

*

तिसऱ्या गुरुवारपासून तो लिहिलेली पानं आणू लागला. हिरव्या शाईतली, किरट्या अक्षरातली. “वाचून सांगा, भीती वाटते का,” म्हणाला. “आधी कुणाला दाखवायचात?” तिने विचारलं. “आधी मीच वाचून बघायचो. पण मला कशाचीही वाटते. मी भरवशाचा नाही.”

हे खरंच होतं. एकदा पुलावर त्याच्या बुटाजवळून झुरळ गेलं, तर हा लेखक, ज्याच्या पुस्तकांनी गावभर लोक दिवे लावून झोपत, तिच्या छत्रीमागे जाऊन उभा राहिला.

“गेलं?”

“गेलं.”

“नक्की? का तुम्ही मला बरं वाटावं म्हणून—”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काहीही करत नाही,” ती म्हणाली. ही तिची त्या आठवड्यातली सर्वांत मोठी थाप.

असे पाच गुरुवार गेले. तो खोटं बटण दाबतो हे तिला माहीत. तिला माहीत आहे हे त्याला माहीत. आणि दोघंही ताकास तूर लागू देत नव्हती. काचेच्या दोन बाजूंना दोन शहाणी माणसं गंभीर चेहऱ्याने बसायची. दिवा लागायचा, ती भुवई उचलायची, तो छताकडे बघायचा.

“आज डावा कान फारच बिघडलाय,” ती माइकमधून म्हणायची.

“हो ना. मागच्या गुरुवारपासून बोलतच नाही माझ्याशी.”

“आणि उजवा?”

“तो तुमचं सोडून कुणाचंच ऐकत नाही.”

मावशी बाहेर खाकरायच्या. भिंती जाड होत्या, पण मावशींचे कान त्याहून तयार होते.

पाचव्या गुरुवारी तिने पुलावर विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं. “माझ्यावर लिहिलंत का काही?”

“नाही.”

“मावशींवर लिहिलंत. बसच्या कंडक्टरवर लिहिलंत. मीच काय घोडं मारलं?”

तो कठड्याला टेकला. खालून पाणी वाहत होतं, वरून भुरभुर सुरू झाली होती. त्याने छत्री उघडलीच नाही.

“ज्यावर लिहितो ते माझ्या घरात राहत नाही,” तो म्हणाला. “तुमच्यावर मी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. एकही नाही. आता... समजा काय समजायचं ते.”

तिला समजलं. इतकं समजलं की तिची बस तिच्यासमोरून निघून गेली. रविवारी ताईने विचारलं, “काय गं छोटी, आवाज वेगळा लागतोय तुझा?”

“सर्दी झालीय.”

“सर्दीने आवाज हसरा होतो होय?”

*

सहाव्या गुरुवारी त्याने आणलेली पानं आजवरच्या सगळ्या पानांत सरस होती. एका माणसाच्या डाव्या बाजूला शांतता साठू लागते. एका मंगळवारी सकाळी तो उठतो, तर कुणीतरी जगाच्या डाव्या अर्ध्यावर जाड कापूस पसरून ठेवलाय. आधी कानात पाणी गेल्यासारखं, मग दूर कुठेतरी पंखा फिरत असल्यासारखं. फोन डाव्या कानाला लावला की पलीकडचा माणूस मेलेला, उजव्याला लावला की जिवंत. पावलं वाजतात ती फक्त उजवीकडे. डावीकडे तो स्वतः चालतच नाही.

तपासणीआधी तिने उभ्या उभ्या वाचलं. “हे कसं सुचलं?”

“सुचलं नाही, झालं.” तो हसला. “मंगळवारी उठलो तो असाच. माझं नेहमीचं. पायावर लिहीत होतो तेव्हा लंगडत होतो दोन महिने. संपली कथा की जाईल.”

“वेडे आहात,” ती म्हणाली. शब्द रागाचा, पण आवाज असा की मावशी बाहेर पाणी प्यायल्या.

तपासणीत डाव्या कानाची पाळी आली. ती आवाज सोडत गेली. दिवा लागेना. आणखी मोठा. नाही. आणखी मोठा. मग कुठे लागला. तिने मुद्दाम मागे जाऊन पुन्हा तोच आवाज सोडला. दिवा तिथेच लागला, तस्साच. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्याची उत्तरं दोनदा सारखी आली होती.

इथे तिने थांबायला हवं होतं. खोटी उत्तरं भरकटतात, खरी जागा सोडत नाहीत. हे ती नव्या मुलींना शिकवत असे. एका कानाचं सोंग पकडायची एक वेगळी चाचणीही असते, दोन मिनिटांची. मशीनवरचं एक बटण दाबायचं होतं. तिने काचेपलीकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. तिला वाटलं, आता मुरला हो! कसं बेमालूम जमायला लागलंय. तिला त्याचं कौतुक वाटलं. निळ्या फुल्या कागदाच्या पार तळाशी ओळीने काढून तिने खाली लिहिलं, ‘उत्तरांत विसंगती. पुन्हा तपासणी.’

विसंगती नव्हती. शब्द सवयीने उतरले.

पुढच्या गुरुवारी मशीन वार्षिक जुळणीला गेलं होतं, खोली बंद, त्याची वेळ आठवडाभर पुढे गेलेली. तिने दिवसभर कानात घालायच्या यंत्रांचे साचे धुतले आणि संध्याकाळी घरी जाऊन ती पानं पुन्हा वाचली. काय लिहितो, काय लिहितो! कानाबद्दल इतकं नेमकं तर पुस्तकांतही नसतं, असंही तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं.

त्यानंतरचा गुरुवार. तपासणीच्या आधी त्याला भेटायचंच असं ठरवून ती साडेचारला बाहेर पडली. मावशींना म्हणाली, टपाल टाकून येते. पलीकडचं काही काम आटपून तो पुलावरून क्लिनिककडे येत होता. तिला बघून उजळला. दोघं बरोबर चालू लागली, ती त्याच्या डाव्या हाताला. एकामागून एक गाड्या चालल्या होत्या. समोरून वारा येत होता. तिने आठवडाभर घोकलेलं वाक्य एकदाचं म्हटलं. समोर बघत, भराभर, एका दमात.

“मला तुम्ही खूप आवडता. गुरुवारच नाही... सगळे वार.”

तो चालत राहिला.

चार पावलं. पाच. त्याच्या चेहऱ्यावर तेच मघाचं हसू, पुलाच्या समोरच्या टोकाकडे लागलेलं. तिच्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. नको होतं म्हणायला. ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. सभ्य माणूस आहे, टाळतोय. मागून एक सायकल घंटी वाजवत आली, ठणठण, दोघांच्या मधून, अगदी त्याच्या डाव्या खांद्याजवळून गेली, आणि तो सायकल समोर आल्यावर दचकला.

आल्यावर. आधी नाही.

ती अर्धं पाऊल मागे राहिली आणि त्याच्या डाव्या कानामागून, साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाली, “तुमच्या कॉलरवर झुरळ आहे.”

तो चालत राहिला. हसत.

*

“कधीपासून?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“सोळा दिवस,” ती म्हणाली. मग सगळं सांगितलं. पहिल्या गुरुवारपासून. त्याच्या देखत, उभ्यानेच. बाहेर मावशींनी पहिल्यांदाच काउंटरचं दार लावून घेतलं.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सहाव्या गुरुवारचा कागद काढला, निळ्या फुल्यांवरून बोट फिरवलं. “एका कानाचं ऐकणं असं अचानक गेलं की पहिले काही दिवस सोन्याचे. औषध लगेच सुरू झालं तर परत यायची आशा बरी. उशीर झाला की कमी.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “हा माणूस दोन दिवसांत आला होता. बरोबर खोलीत. बरोबर खुर्चीत. बरोबर माणसासमोर.”

तिने तो कागद उचलून फाइलमध्ये लावला.

औषध सुरू झालं. कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं, दर सोमवारी. तिला मशीनवरून काढून साचे धुवायला बसवलं. सोमवारी तो येई, डॉक्टरबाईंच्या खोलीत जाई, निघून जाई. चौथ्या सोमवारी तो तिच्या टेबलाशी थांबला. उजवा कान तिच्याकडे वळवून.

“मी खोटं दाबायचो ते तुला माहीत होतं.” पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला, आणि अशा वेळी.

“पहिल्या दिवसापासून.”

“तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं.” तो तिच्या ओल्या हातांकडे बघत होता. “मग त्या दिवशी खरं होतं, ते कुणाला कळायला हवं होतं? मलाच कळलं नाही. मला वाटलं कथाच आहे.”

“मला कळायला हवं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही लिहूनसुद्धा दिलं होतंत. मी वाचून वा म्हटलं.”

तो वळून निघून गेला. नंतरच्या सोमवारी आला, पण थांबला नाही. त्यानंतरच्याही. ताईने रविवारी विचारलं, सर्दी गेली का? ती म्हणाली, गेली.

दोन महिन्यांनी शेवटची तपासणी होती. डॉक्टरबाईंनी तिला हाक मारली. “तू कर. मी मागे उभी राहते.”

तो पेटीत जाऊन बसला. दाराबद्दल काही विचारलं नाही. तिने हेडफोन चढवला तेव्हा तिची बोटं त्याच्या केसांना लागली. दोघांनीही ती लागलीच नाहीत असं दाखवलं. उजवा कान झाला. लाल गोल वर, नीट ओळीत. मग डावा. जाड, खालच्या पट्टीतले आवाज : दिवा लागला, जरा उशिरा, पण लागला. तेवढे परत आले होते. मग ती वरच्या पट्टीकडे जाऊ लागली. बारीक आवाज, सळसळीचे, शीळेचे, कुजबुजीचे. तिने आवाज मोठा केला. आणखी मोठा. त्याचा अंगठा बटणावर होता. डोळे मिटलेले. तो सगळ्या अंगाने ऐकत होता, मान किंचित पुढे. अंगठा हलत नव्हता. त्याने एकदाही खोटं दाबलं नाही. शंका आली तरी दाबायचं, असं पहिल्या दिवशी तिनेच सांगितलं होतं. त्याला शंकाही येत नव्हती.

तिने फुल्या काढल्या. एकेक, सावकाश. मग तळाशी आली.

‘पुन्हा’ लिहायला कारण उरलं नव्हतं. उत्तरं दोन्ही वेळा सारखी होती. तिने लिहिलं : ‘डावा कान, वरच्या पट्टीत कायमची उणीव. स्थिती स्थिर. पुन्हा तपासणीची गरज नाही.’ सही केली. डॉक्टरबाईंनी मागून वाकून वाचलं आणि शेजारी आपली सही केली.

त्याने कागद वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली असावी, कारण वेळ लागला. “म्हणजे आता यायचं नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “गरज नाही.”

तो गेला. तिने मशीन पुसलं, हेडफोन टांगला, पेटीचा दिवा घालवला. मावशी म्हणाल्या, “चल गं, मी येते बसपर्यंत.” त्या कधीच येत नसत. “नको,” ती म्हणाली, आणि दहा मिनिटं उगाच रेंगाळून, पायऱ्या रिकाम्या झाल्या असतील अशा बेताने बाहेर आली.

तो सर्वांत खालच्या पायरीवर बसला होता.

“काही राहिलं का?” तिने विचारलं.

“नाही. कामच काही नाहीय,” तो म्हणाला. “बिनकामाचं येऊन बघत होतो, जमतं का.” तो उठला. “रागावलो होतो मी. अजून आहे थोडा. कुणावर ते ठरत नाही, म्हणून घरी बसवत नाही.”

दोघं पुलाकडे निघाली. ती आपसूक त्याच्या उजवीकडे गेली. त्याने तिला कोपराला धरून डावीकडे आणलं.

“इकडे ऐकू येत नाही ना तुम्हाला.”

“म्हणूनच. उजवीकडच्या गाड्या मला कळतात. डावीकडे कुणीतरी लागतं.” तो जरा थांबला. “त्या दिवशी पुलावर तू काहीतरी बोलली होतीस. झुरळाच्या आधी. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलंस, तेवढं गाळलंस.”

ती त्याच्या पुढून वळसा घेऊन उजवीकडे आली, टाचा उंचावल्या, आणि पुलावरच्या गाड्यांच्या वर आवाज चढवून ते वाक्य पुन्हा म्हणाली. ‘तुम्ही’च्या जागी ‘तू’ घालून. भाजीची पिशवी घेऊन चाललेले एक आजोबा मागे वळून म्हणाले, “पोचलं हो पोरी, इथवर पोचलं!”

तोही म्हणाला, “पोचलं.” मग त्याने तिची बाही धरली. पुढचा सबंध पूल ती सोडली नाही.

आता बेरीज करायची तर ती अशी. वाचकांना डावीकडच्या शांततेची एक चांगली कथा मिळाली. त्यांना त्यासाठी काहीच सोसावं लागलं नाही. मावशींना वर्षभर पुरेल एवढं बोलायला मिळालं. डॉक्टरबाईंचा भरवसा तिने घालवला. नऊ वर्षांत कमावलेला होता. तिच्या कागदावर अजून दोन सह्या लागतात आणि ती त्याबद्दल कधी कुरकुरत नाही. त्याचा डावा कान वरच्या पट्टीत गेला तो गेला. कुजबुज त्याच पट्टीतली, आणि तिचा आवाज मुळातच हलका आहे. रोज संध्याकाळी ती त्याच्या डावीकडून चालते. गाडी आली की बाही ओढते, तो थांबतो. मधल्या वेळात ती बोलत असते, त्या दिवसाबद्दल, त्या सहीबद्दल, मला माफ कर म्हणूनही. तो पुढे बघत, हसत चालतो. न पोचलेलं ते सगळं तिच्या पदरचं.